जुनी लक्झरी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेताना: तारखा, बॅटरी, चार्जर आणि कागदपत्रं

कोटीच्या आसपास किंमत असलेली गाडी चार-पाच वर्षांत निम्म्याच्या खाली येते आणि मग आपल्यासारख्यांच्या मनात पाल चुकचुकते: एवढी स्वस्त का? जुन्या लक्झरी इलेक्ट्रिक एसयूव्हीच्या बाबतीत याचं उत्तर बहुतेक वेळा गाडीत नसतं, बाजारात असतं. भारतात मर्सिडीज ईक्यूसी ऑक्टोबर २०२०मध्ये आली, जॅग्वार आय-पेस मार्च २०२१मध्ये, ऑडी ई-ट्रॉन जुलै २०२१मध्ये, बीएमडब्ल्यू आयएक्स त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणि व्होल्वो एक्ससी४० रिचार्ज जुलै २०२२मध्ये. त्यानंतर जास्त पल्ल्याच्या नव्या गाड्या आल्या, बॅटरीबद्दलची भीती होतीच, आणि पहिल्या मालकांमध्ये कंपन्या बऱ्याच होत्या. त्यांनी इलेक्ट्रिक वाहनावरचा ४० टक्के घसारा लावून करात फायदा उचलला, आता त्यांना गाडी काढायची आहे.

मी पुण्यात अशीच एक एक्ससी४० घेतली. त्याआधी बऱ्याच गाड्या पाहिल्या, बरेच डीलर ऐकले, आरटीओच्या खिडक्या केल्या. त्यातून झालेलं माझं मत सुरुवातीलाच सांगतो: अशा व्यवहारात तुम्ही लोगो विकत घेत नाही, बॅटरीच्या वॉरंटीची उरलेली वर्षं विकत घेता. बाकी सगळी घासाघीस त्या हिशेबानंतर.

१. गाडी शोधण्याआधी पार्किंग बघा

घरी चार्जिंगची सोय होणार नसेल तर इथेच थांबा. सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर एवढी मोठी बॅटरी चालवणं खर्चिक आणि कटकटीचं आहे. डीसी (म्हणजे फास्ट) चार्जरवर युनिटला साधारण वीस रुपयांच्या मागेपुढे पडतात, शिवाय रांग.

घरचा हिशेब सोपा आहे. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रात्रभरात पंचवीस-तीस युनिट जातात, म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटर. रोज कोथरूड ते हिंजवडी करणाऱ्याला तेवढं पुरतं. ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, लावला तर दहा तासांत सत्तरेक युनिट, म्हणजे बहुतेक गाड्या जवळजवळ भरतात. ११ किलोवॅटसाठी थ्री फेज लागतं आणि गाडीतला चार्जरही तेवढं घेणारा असावा लागतो.

सोसायटीत राहत असाल तर ही तयारी आधी करा:

- तुमच्या मीटरचा मंजूर भार किती आहे, तो वाढवावा लागेल का.
- मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत केबल कुठून जाईल. भांडणं वीजबिलावरून कमी आणि या केबलवरून जास्त होतात.
- सोसायटीचं ना हरकत पत्र. तोंडी ‘हो, हो, लावा’ चालत नाही, समिती बदलली की ते ‘हो’ही जातं.
- महावितरणकडून, किंवा मुंबईत असाल तर अदानी, टाटा पॉवर किंवा बेस्टकडून, चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन घ्यायचं की घरच्याच मीटरवर भागवायचं. घरचा वापर आधीच वरच्या स्लॅबमध्ये असेल तर वेगळं कनेक्शन बरं पडतं.
- अर्थिंग. जुन्या इमारतींत हा खरा प्रश्न आहे. अर्थिंग धड नसेल तर गाडी सरळ चार्जिंग नाकारते आणि लोक गाडीला दोष देतात. इलेक्ट्रिशियनला आधी बोलावून मोजून घ्या.

२. कोणती गाडी, कोणती बॅटरी

जाहिरातीत नुसतं ‘ई-ट्रॉन’ लिहिलेलं असतं. त्यात दोन गाड्या दडलेल्या असतात: ई-ट्रॉन ५०ची बॅटरी ७१ युनिटची आणि ई-ट्रॉन ५५ची ९५ युनिटची. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात आणि पल्ल्यात मात्र शंभर किलोमीटरच्या आसपास फरक पडतो. आयएक्सचंही तेच. सुरुवातीची एक्सड्राइव्ह ४० वेगळी, नंतर आलेली मोठ्या बॅटरीची ५० वेगळी. म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव आरसीवर आणि सर्व्हिसच्या बिलावर वाचा, डिकीवरच्या बिल्ल्यावर जाऊ नका.

बाकीच्यांत ईक्यूसी ८० युनिट, आय-पेस ९० आणि एक्ससी४० रिचार्ज ७८. हे आकडे बॅटरीची एकूण क्षमता सांगतात की वापरता येणारी, हे कंपनीगणिक बदलतं. एक्ससी४०च्या ७८पैकी ७५ युनिट वापरता येतात, ई-ट्रॉन ५५च्या ९५पैकी ८६च्या आसपास. हा फरक लक्षात ठेवा, पाचव्या टप्प्यात लागणार आहे.

आय-पेस चालवायला फार सुंदर गाडी आहे. पण तिचं उत्पादन बंद झालंय, आणि २०१९च्या गाड्यांसाठी २०२४मध्ये अमेरिकेत बॅटरीला आग लागण्याच्या शक्यतेवरून रिकॉल निघाला होता, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. भारतात गाडी आली ती २०२१मध्ये, त्यामुळे तो रिकॉल इथल्या गाड्यांसाठी नव्हता. पण भाव करताना या दोन्ही गोष्टी टेबलावर ठेवा, आणि कोणतीही गाडी असो, चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमधून तिच्यावर कुठला रिकॉल बाकी आहे का ते विचारा.

अंतराचाही विचार करा. मोठ्या व्होल्टेजच्या कामाचं प्रशिक्षण घेतलेले मेकॅनिक प्रत्येक वर्कशॉपमध्ये नसतात. तुम्ही लातूरला किंवा सांगलीला असाल आणि त्या ब्रँडचं इलेक्ट्रिक काम करणारं वर्कशॉप पुण्यात असेल, तर दर बिघाडाला फ्लॅटबेडचं भाडं धरा. अशी गाडी चाकांवर ओढून नेता येत नाही, ट्रकवर चढवूनच न्यावी लागते.

३. वॉरंटीच्या तारखा कागदावर मांडा

या पाचही गाड्यांना बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. आता यातले बारकावे.

पहिला: आठ वर्षं कधीपासून? ‘२०२२चं मॉडेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीची पहिली डिलिव्हरी २०२१मध्ये झालेली असू शकते, किंवा उलट, गाडी शोरूममध्ये पडून राहिलेली असू शकते. वॉरंटी चालू झाल्याची तारीख कंपनीच्या सिस्टीममध्ये असते. ती सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर घ्या. ऑगस्ट २०२१ला सुरू झालेली वॉरंटी ऑगस्ट २०२९ला संपते, आणि तुम्ही गाडी तीन वर्षं वापरून विकायचं म्हणत असाल तर पुढच्या गिऱ्हाईकाला तुम्ही काय विकणार, हे आजच बघा.

दुसरा, आणि यात सगळ्यात जास्त लोक फसतात: बॅटरीची वॉरंटी म्हणजे गाडीची वॉरंटी नव्हे. ‘सर, आठ वर्षं वॉरंटी आहे, बिनधास्त घ्या’ असं डीलर म्हणतो तेव्हा ती फक्त बॅटरी पॅकची असते. गाडीतला चार्जर, एसीचा कॉम्प्रेसर, एअर सस्पेन्शन, मोठी टचस्क्रीन, मॅट्रिक्स हेडलाइट हे सगळं बहुतेकदा साध्या वॉरंटीत येतं आणि ती दोन-तीन वर्षांत संपते. एअर सस्पेन्शन किंवा आतला चार्जर बदलायची वेळ आली तर आकडा लाखांत जातो. त्यामुळे एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली आहे का, ती नव्या मालकाच्या नावावर होते का, नसेल तर आता विकत मिळेल का, हे तिन्ही प्रश्न विचारा. माझ्या मते एक्स्टेंडेड वॉरंटी असलेल्या गाडीला दोन-तीन लाख जास्त द्यायलाही हरकत नाही.

तिसरा: वॉरंटी लागू होण्यासाठी क्षमता किती घसरावी लागते? बहुतेक कंपन्या ७० टक्क्यांची रेषा धरतात. म्हणजे ७४ टक्क्यांवर आलेली बॅटरी कंपनीच्या लेखी ठणठणीतच. तुमचा पल्ला मात्र पाऊण झालेला असतो.

चौथा: सर्व्हिसचा खंड. इलेक्ट्रिक गाडीला ऑइल बदलायचं नसतं म्हणून काही मालक वर्षानुवर्षं सर्व्हिसला जातच नाहीत. बॅटरीचं कूलंट, ब्रेक ऑइल, सॉफ्टवेअर हे सगळं वेळापत्रकात असतं, आणि ते चुकलं असेल तर वॉरंटीचा दावा करताना वाद घालायला जागा राहते. सगळी बिलं मागा.

४. गाडी बघायला जाण्याआधीचा फोन

फोनवर दोनच गोष्टी सांगा. गाडी पूर्ण चार्ज करून ठेवू नका, साठ-सत्तर टक्क्यांवर असू द्या. आणि मी येईपर्यंत चालू करू नका.

का? शंभर टक्क्यांवर उभी असलेली गाडी दिसायला छान, पण त्या वेळी ती ब्रेकमधून ऊर्जा परत घेत नाही, आणि डीसी चार्जरवर काहीच दाखवू शकत नाही. थंड गाडीत मात्र तक्रारी खऱ्या दिसतात. एका ठिकाणी गेलो तर गाडी आधीच चालू, एसी सुरू, बॉनेट उघडं, आणि कोपऱ्यात जंप स्टार्टरची वायर. बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली होती. इलेक्ट्रिक गाडीतही ती असते आणि ती गेली की खालची भलीमोठी बॅटरी भरलेली असूनही दारं उघडत नाहीत, गाडी जागची हलत नाही. ती बदलणं ही किरकोळ बाब आहे, पण गाडी महिनोन्‌महिने उभी होती याचा तो पुरावा असतो. मग ती किती टक्क्यांवर उभी होती, हा पुढचा प्रश्न. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी उन्हात महिने काढते तेव्हा तिचं आयुष्य घटतं.

५. बॅटरीचा हिशेब स्वतः करा

अधिकृत सर्व्हिस सेंटर बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल काढून देऊ शकतं, तो पैसे भरून घ्याच. ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, लावायचं छोटं यंत्र आणि मोबाइल ॲप यांनीही काही गाड्यांत आकडे दिसतात, पण मी त्यावर एकट्यावर विसंबणार नाही. तिसरा उपाय कागद-पेन्सिलीचा, आणि तो विक्रेत्याला नाकारता येत नाही.

ट्रिप मीटर शून्य करा, बॅटरीचे टक्के लिहून घ्या, लांब चक्कर मारा. परत आल्यावर तीन आकडे लागतात: किती किलोमीटर, शंभर किलोमीटरला सरासरी किती युनिट, आणि किती टक्के उतरले.

समजा एक्ससी४० आहे आणि चक्करीआधी ती ९० टक्क्यांपर्यंत चार्ज केली. २०० किलोमीटर झाले, सरासरी २१ युनिट. म्हणजे ४२ युनिट खर्च. बॅटरी ९० टक्क्यांवरून ३०वर आली, म्हणजे ६० टक्के. ६० टक्क्यांत ४२ युनिट, तर शंभर टक्क्यांत ७०. नवी असताना वापरता येणारे ७५ होते. म्हणजे उरली सुमारे ९३ टक्के. एवढ्या वर्षांच्या गाडीला हा आकडा उत्तम.

दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतील. पण उत्तर ८०च्या खाली येत असेल तर विक्रेता काहीही म्हणो, अहवालाशिवाय पुढे जाऊ नका. विक्रेता दोनशे किलोमीटरला तयार नसेल तर ऐंशी-शंभरावरही अंदाज येतो, मात्र टक्के जितके जास्त उतरतील तितका आकडा भरवशाचा.

एक स्थानिक सूचना. ही चाचणी एक्स्प्रेसवेवर एकाच दिशेने करून पल्ल्याबद्दल मत बनवू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. खंडाळ्याचा घाट उतरताना गाडी ऊर्जा परत मिळवते आणि खोपोलीला पोचताना मालक छाती फुगवून सरासरी दाखवतो. येताना तोच घाट चढा. जाऊन-येऊन जी सरासरी येते ती खरी.

टचस्क्रीनवर दिसणाऱ्या ‘उरलेल्या किलोमीटर’वर भाव करू नका. तो आकडा मागच्या काही दिवसांच्या चालवण्यावरून ठरतो. विकायच्या आधी आठवडाभर गाडी सोसायटीतल्या सोसायटीत हळू फिरवली की तो फुगतो.

६. लिफ्टवर चढवा, खालून बघा

पेट्रोल गाडीत इंजिन ऐकतात तसं इथे पोट बघायचं. सगळी किंमत तिथे आहे. आपल्याकडचे गतिरोधक ज्याच्या मनाला येईल त्या उंचीचे, आणि या गाड्या दोन ते अडीच टनांच्या घरातल्या. मी जी गाडी नाकारली तिला वर उचलल्यावर मेकॅनिकने टॉर्च धरला: खालच्या संरक्षक पत्र्यावर हातभर ओरखडा, आणि त्याच्या टोकाला बॅटरीच्या पेटीची कड आत दबलेली. वरून गाडी शोरूमसारखी होती. पेटीला धक्का बसलेला असेल तर कंपनी वॉरंटीत हात वर करते, कारण ते ‘बाहेरून झालेलं नुकसान’ ठरतं.

लिफ्टवर आणखी काय बघाल:

- कूलंटच्या पाइपांचे सांधे ओले आहेत का, खाली वाळलेले पांढरट-रंगीत डाग आहेत का.
- नारिंगी जाड वायरींना कुठे टेप गुंडाळलेली आहे का. नारिंगी म्हणजे उच्च दाब. तिथे टेप दिसली की नमस्कार करून निघा.
- एअर सस्पेन्शनच्या रबरी फुग्यांना भेगा. गाडी रात्रभर उभी करून सकाळी एका बाजूला कललेली दिसते का हेही विचारा, शक्य असेल तर स्वतः बघा.
- टायर. वजन आणि झटक्याच्या जोरामुळे ते लवकर झिजतात. बाजूवरचा चार अंकी आकडा आठवडा आणि वर्ष सांगतो. चारही टायर बदलायचे असतील तर तो खर्च किमतीतून वजा.
- ब्रेकच्या तबकड्या. मोटरच गाडी थांबवत असल्याने ब्रेक कमी वापरात येतात आणि पावसाळ्यात गंजतात. वरवरचा गंज चालतो, खोल चर नको.

पाण्यात बुडालेली गाडी हा वेगळाच धोका आहे. मुंबईत दर पावसाळ्यात तळघरातली पार्किंग भरतात, आणि जुलै २०२४मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हाही अनेक गाड्या गेल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या भागावर गाळाची रेघ आहे का पाहा, सीटखालच्या बोल्टना गंज आहे का पाहा, आणि गाडीवर पूर्वी विम्याचे कोणते दावे झालेत ते विमा कंपनीकडून किंवा सर्व्हिस इतिहासातून काढा. बुडालेली पेट्रोल गाडी एखाद वेळी चालून जाते. इलेक्ट्रिकच्या बाबतीत मी कोणत्याही किमतीला हो म्हणणार नाही.

७. दोन्ही प्रकारे चार्ज करून बघा

हे बहुतेक जण विसरतात. डीसी फास्ट चार्जर वीज थेट बॅटरीत घालतो, गाडीतल्या चार्जरला वगळून. घरच्या एसी विजेवर, म्हणजे सॉकेट किंवा वॉलबॉक्सवर, मात्र तो आतला चार्जर काम करतो. म्हणजे मॉलमधल्या फास्ट चार्जरवर झकास चालणारी गाडी तुमच्या घरी चार्ज होईलच असं नाही. दोन्ही तपासा.

डीसीवर जाताना बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली असू द्या. आपल्याकडे ठिकठिकाणी ६० किलोवॅटचे चार्जर आहेत आणि या सगळ्या गाड्या त्याहून जास्त घेऊ शकतात, तेव्हा आकडा पन्नासच्या वर टिकला पाहिजे. वीस-पंचवीसवरच अडकला तर आधी बघा की शेजारच्या गनवर (केबलच्या टोकाच्या प्लगवर) दुसरी गाडी लागली आहे का, कारण चार्जर वीज वाटून देतो. एकटी असूनही तसंच होत असेल तर दुसऱ्या ठिकाणी परत करा. तिथेही तेच, तर गाडीत खोट आहे.

चार्जिंगच्या झाकणाची मोटर, गन लॉक होणं आणि सुटणं, हेही बघा. गन अडकून बसली की माणूस तिथेच अडकतो.

८. भाव ठरवताना लपलेले कर

मालक खासगी व्यक्ती असेल आणि तुम्हीही व्यक्ती असाल तर जीएसटीचा प्रश्न येत नाही. डीलर किंवा कंपनी विकत असेल तर येतो. डिसेंबर २०२४मधल्या जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीत जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवरचा दर १२वरून १८ टक्के झाला. तो पूर्ण किमतीवर लागत नाही, विकणाऱ्याच्या फरकावर लागतो. पण कंपनीच्या बाबतीत हा फरक खरेदी किमतीशी मोजत नाहीत, घसारा वजा जाता उरलेल्या किमतीशी मोजतात.

उदाहरण घ्या. कंपनीने १ कोटी २० लाखांना घेतलेली गाडी, दर वर्षी ४० टक्के घसारा. पहिल्या वर्षानंतर ७२ लाख, मग ४३.२०, तिसऱ्या वर्षानंतर २५.९२ लाख. ती ४५ लाखांना विकली तर फरक १९.०८ लाख आणि त्यावरचा जीएसटी जवळपास साडेतीन लाख. ‘४५ लाख फायनल’ म्हणताना हा कर आत आहे की वर, हे पहिल्याच भेटीत विचारा. टोकन दिल्यावर विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं.

किंमत दहा लाखांच्या वर असेल आणि विक्रेता व्यावसायिक असेल तर एक टक्का टीसीएसही, म्हणजे विक्रेत्याने तुमच्याकडून गोळा करायचा आयकर, घेतला जातो. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. फक्त पॅन बरोबर दिलाय ना ते बघा. रोख देण्याच्या भानगडीत पडू नका, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे.

९. आरटीओ: काय, कुठे, किती दिवसांत

टोकन देण्याआधी वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघा: मालक कितवा, इंधनाच्या रकान्यात ‘इलेक्ट्रिक’ आहे ना, बँकेचा बोजा आहे का, विमा चालू आहे का. ई-चलनं वेगळी तपासा. गाडी खासगी असेल तर पाटी हिरवी आणि अक्षरं पांढरी. पिवळी अक्षरं असतील तर ती व्यावसायिक नोंदणीची आहे.

लागणारी कागदपत्रं:

- मूळ आरसी, चालू विम्याची प्रत. पीयूसी इलेक्ट्रिक गाडीला लागत नाही, कोणी मागितलं तर तसं सांगा.
- फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह.
- कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५. तुम्ही कर्ज काढणार असाल तर फॉर्म ३४.
- दोघांचे आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट.
- मालक कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, जीएसटी नोंदणी आणि बिल. ठराव नसेल तर व्यवहार हमखास लोंबकळतो.
- गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं फॉर्म २८चं ना हरकत पत्र.

नियमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ‘सही केलेले कोरे फॉर्म ठेवा, नंतर बघू’ हा जुना खेळ अजून चालतो. तो अजिबात खेळू नका. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते दाखवा म्हणा, चेहऱ्यावरूनच बरंच कळतं.

बेंगळुरू किंवा दिल्लीची गाडी स्वस्त वाटते. महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाड्यांना मोटार वाहन कर माफ आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या गाड्यांना सहा टक्के लावायचा प्रस्ताव आला होता, तो त्याच मार्च महिन्यात मागे घेतल्याचं मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. तरी परराज्यातली गाडी इथे आणताना तुमच्या आरटीओत आधी विचारून घ्या. उलट बाजूनेही विचार करा: कर्नाटकात २०२४पासून २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाडीला दहा टक्के कर आहे. तिकडे बदली होण्याची शक्यता असेल तर हा हिशेब आजच धरा.

१०. विमा

जुन्या मालकाचा विमा ‘गाडीबरोबर येतो’ हे अर्धसत्य आहे. तृतीय पक्षाचं संरक्षण येतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही, त्यासाठी १४ दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे त्याचा फरक तुम्हाला भरावा लागतो. तुमच्या आधीच्या गाडीवरचा बोनस मात्र या गाडीला लावता येतो.

झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे दाव्यात सुट्या भागांचा घसारा न कापणारं संरक्षण, घ्याच. बॅटरीचं आणि चार्जरचं वेगळं संरक्षण मिळतं, त्यात पाणी शिरून झालेलं नुकसान धरलंय का ते पॉलिसीत वाचा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका.

११. ताबा घेताना

चाव्या दोन्ही घ्या. डिकीतली चार्जरची पिशवी उघडून बघा: सॉकेटवरचा पोर्टेबल चार्जर आणि एसी चार्जिंगची टाइप २ केबल दोन्ही आहेत ना. एका डीलरकडे पिशवी कंपनीची, शिलाई झकास, आत पंक्चरचं किट. या वस्तू नव्याने घ्यायला भरपूर पैसे लागतात. भिंतीवरचा वॉलबॉक्स किमतीत धरला असेल तर तो काढून आणण्याचा खर्च कोणाचा, तेही लिहून घ्या.

जुन्या मालकाला समोर बसवून कंपनीच्या ॲपमधून त्याचं खातं काढायला लावा आणि तिथेच तुमचं जोडा. हे राहून गेलं तर गाडी कुठे उभी आहे हे त्याच्या मोबाइलवर दिसत राहतं, आणि काही ॲपमधून तो ती उघडूही शकतो. मालक कंपनी असेल तर खातं एखाद्या नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर असतं. मग सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी दाखवून मालक बदलून घ्यावा लागतो, त्याला वेळ जातो.

फास्टॅग जुन्या मालकाकडून बंद करून घ्या आणि तुमच्या नावाचा नवा लावा. महाराष्ट्राच्या २०२५च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणानुसार मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक चारचाकींना टोल माफ आहे. पण नाक्यावरचं यंत्र हिरवी पाटी बघून माफी देत नाही, नोंदणीतली इलेक्ट्रिक ही खूण बघून देतं. नवा टॅग सुरू झाल्यावर पहिल्या फेरीनंतर खात्यातून पैसे कापले गेलेत का ते तपासा, आणि गेले असतील तर टॅग देणाऱ्या बँकेकडे आरसीची प्रत जोडून लगेच तक्रार टाका.